कुठेच न ठेवलेली किल्ली: चिपच्या अंगच्या वेगळेपणावर उभी असलेली सुरक्षा

२०१६ साली चार संशोधकांनी बाजारात सहज मिळणारा फिलिप्स ह्यू हा स्मार्ट दिवा अभ्यासाला घेतला. तिघं इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटचे होते: एयाल रोनेन, आखी-ओर वाइनगार्टन आणि आदी शमीर. इंटरनेटवरची बरीच सुरक्षा ज्या आरएसए या कूटलेखनाच्या, म्हणजे मजकूर गुपित ठेवण्याच्या, पद्धतीच्या पायावर वाढली, त्यातला 'एस' म्हणजे हेच शमीर. चौथे कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाचे कॉलिन ओफ्लिन. हा दिवा नवं सॉफ्टवेअर वायरलेसने घेतो, आणि आलेलं सॉफ्टवेअर खरोखर कंपनीचंच आहे का, हे एका गुप्त किल्लीने तपासतो. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा, दुसरं काही नाही. चिप तपासणी करत असताना ती किती वीज ओढते याचे बारीक चढउतार या चौघांनी मोजले आणि त्या चढउतारांवरून तो आकडा शोधून काढला. त्यासाठी लागलेली साधनं एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेलाही परवडतील अशी होती.

एका दिव्याची किल्ली सापडली, एवढ्यावर भागलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. पण त्या जातीच्या सगळ्या दिव्यांत तीच एक किल्ली होती. त्यात दिव्याच्या वायरलेस सॉफ्टवेअरमध्ये अंतर तपासण्याची एक चूकही सापडली, त्यामुळे दिव्याच्या जवळ जाण्याचीही गरज उरली नाही. बीरशेबा शहरात त्यांनी ड्रोन उडवला आणि शेकडो मीटर लांबून एका इमारतीतले दिवे ताब्यात घेऊन ते मोर्स कोडमध्ये 'एसओएस' असे लुकलुकवून दाखवले. पॅरिसएवढ्या शहरात असे साधारण १५,००० दिवे विखुरलेले असतील, तर एका दिव्यातून शेजारच्या दिव्यात अशी लागण होत होत सगळं शहर व्यापता येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी कंपनीला आधी कळवलं, कंपनीने दुरुस्ती केली आणि मगच हे काम जाहीर झालं.

इथे काटेकोर बोलायला हवं. सॉफ्टवेअर तपासायला मुळात अशी गुप्त किल्ली वापरायचीच नसते. तिथे डिजिटल सही लागते. सही करणारी किल्ली कंपनीकडेच राहते, दिव्यात असतो तो फक्त सही पडताळणारा आकडा. म्हणजे दिव्यात ठेवलेला आकडा चोरीला गेला तरी त्याने खोटी सही करता येत नाही. पण सहीने सगळे प्रश्न सुटत नाहीत. उपकरणाला स्वतःची ओळख पटवायची असेल, स्वतःचा डेटा कुलूपबंद करायचा असेल, तर त्याच्याकडे स्वतःचं असं काहीतरी गुपित असावंच लागतं. आणि ते गुपित दुसऱ्या कुठल्याही उपकरणाकडे असून चालत नाही.

गुपित ठेवायचं कुठे

घराबाहेरचा कॅमेरा, विजेचा मीटर, शेतातल्या पंपाचा कंट्रोलर ही सगळी उपकरणं कंपनीच्या कुलूपबंद सर्व्हर रूममध्ये नसतात. ती रस्त्यावर, जिन्यात, बांधावर असतात. कोणीही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ती उघडू शकतो. बोर्डावर वेगळी फ्लॅश मेमरी असेल तर ती सोल्डरिंग काढून रीडरला लावली की आतलं सगळं वाचता येतं. किल्ली मुख्य चिपच्या आतल्या फ्लॅशमध्ये असेल तर काम जरा अवघड होतं, पण उघडा राहिलेला डिबग पोर्ट (चुका शोधायला ठेवलेली जोडणी) किंवा नेमक्या क्षणी दिलेला व्होल्टेजचा झटका अनेकदा ते करून देतो. चिपमधले सूक्ष्म फ्यूज जाळून आकडा कायमचा लिहिण्याचीही पद्धत आहे. जळलेला आणि न जळलेला फ्यूज यांत प्रत्यक्ष फरक असतो, आणि चिपचे थर उलगडून ताकदवान मायक्रोस्कोपखाली तो फरक पाहता येतो. थोडक्यात, वीज बंद असतानाही जे गुपित जागेवर असतं, ते सवडीने शोधता येतं.

किल्ली सांभाळायला वेगळी सुरक्षित चिप बसवणं हा चांगला उपाय आहे. बँकेच्या कार्डात आणि मोबाइलच्या सिममध्ये तेच असतं. पण शंभर-दोनशे रुपयांच्या सेन्सरला तो खर्च झेपत नाही. शिवाय एक प्रश्न तसाच राहतो. त्या चिपमध्ये किल्ली घातली कोणी?

या प्रश्नाकडे फार कमी लोक लक्ष देतात. उपकरण बनवणारी कंपनी एका गावात, बोर्ड जुळवणारा कंत्राटी कारखाना दुसऱ्या देशात. प्रत्येक बोर्डासाठी वेगळी किल्ली तयार करायची, ती सुरक्षितपणे त्या कारखान्यात पोचवायची, बरोबर बोर्डात उतरवायची, आणि तिची प्रत तिथल्या कुठल्या संगणकात राहणार नाही हेही पाहायचं. हे सगळं करायला पैसा लागतो आणि लाइनचा वेग कमी होतो. त्यापेक्षा एकच फाइल सगळ्या बोर्डांत उतरवणं किती सोपं! लाखो उपकरणांना एकच किल्ली देण्याचं पाप बहुतेक वेळा इथेच, उत्पादनाच्या घाईत घडतं. किल्ली बाहेरून घालावीच लागली नाही तर? ती चिपमधूनच आली तर? ज्या तंत्राबद्दल हा लेख आहे ते इथून सुरू होतं.

एकाच साच्यातल्या दोन चिप्स

चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर हजारो नग एकाच नकाशावरून उतरतात. पण त्यातला ट्रान्झिस्टर इतका लहान असतो की त्याच्या वाट्याला आलेले भेसळीचे अणू, म्हणजे सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेले बोरॉन-फॉस्फरससारखे अणू, मोजण्याइतके थोडे असतात. आधुनिक ट्रान्झिस्टरच्या वाटेत ते काही दहा किंवा शंभराच्या घरात असतात. ते नेमके किती आणि कुठे बसतील, हे कारखान्याच्या हातात नसतं. एकाला दोन अणू जास्त मिळतात, शेजारच्याला तीन कमी. परिणामी ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारा व्होल्टेज प्रत्येकाचा किंचित वेगळा निघतो. एकाच परातीतल्या पिठाच्या, एकाच हाताने थापलेल्या, एकाच तव्यावरच्या भाकऱ्या घ्या. दोघींवरचे डाग सारखे कधीच नसतात, आणि सुगरणीने ठरवलं तरी कालच्या भाकरीचे डाग आज पुन्हा उमटवता येत नाहीत. चिपचंही तसंच.

अभियंते दशकानुदशकं या फरकाशी झगडत आले आहेत, कारण त्याने सर्किटचा अचूकपणा बिघडतो. मग काही जणांनी तोच फरक कामाला लावला. २००० साली कीथ लॉफस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी ट्रान्झिस्टरमधल्या या विषमतेवरून चिप ओळखणारं सर्किट मांडलं. २००१-०२ च्या सुमारास एमआयटीत रविकांत पप्पू यांनी हाच विचार सिलिकॉनऐवजी प्रकाशावर करून दाखवला. पारदर्शक राळेत काचेचे बारीक मणी मिसळायचे आणि त्यावर लेझर टाकायचा. पलीकडे उमटणारी ठिपक्यांची नक्षी त्या तुकड्याचीच असते, दुसऱ्या कुठल्याही तुकड्याची नसते. २००२ मध्येच एमआयटीतल्या ब्लेझ गासेंड, ड्वेन क्लार्क, मार्टेन व्हॅन डाइक आणि श्रीनिवास देवदास यांनी ही कल्पना सिलिकॉन चिपवर आणली. पुढे या सगळ्या कुळाला फिजिकली अनक्लोनेबल फंक्शन हे नाव रुळलं. म्हणजे नक्कल करता न येणारा भौतिक गुणधर्म. इथून पुढे मी त्याला पीयूएफ म्हणेन.

वीज येते त्या क्षणी

पीयूएफचे प्रकार बरेच आहेत, पण बाजारात सर्वात जास्त चालला तो एसरॅमचा, म्हणजे वीज असेपर्यंतच आकडे धरून ठेवणाऱ्या मेमरीचा. त्याचं कारण साधं आहे. ही मेमरी जवळजवळ प्रत्येक चिपमध्ये आधीपासून असतेच, त्यामुळे वेगळं सर्किट लागत नाही. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या फिलिप्स संशोधन केंद्रातल्या लोकांनी २००७ साली ही पद्धत मांडली. त्याच सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डॅनिएल होलकॉम, वेन बर्लसन आणि केविन फू यांनीही स्वतंत्रपणे याच वाटेवर काम केलं.

एसरॅमची एक पेशी, म्हणजे एक बिट साठवणारी जागा, सहा ट्रान्झिस्टरची असते. त्यातले चार मिळून एकमेकांत अडकवलेले दोन इन्व्हर्टर होतात. इन्व्हर्टर म्हणजे आत १ आला की बाहेर ० देणारा आणि ० आला की १ देणारा. पहिल्याचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीला, दुसऱ्याचं पहिल्याच्या. त्यामुळे एक बाजू १ झाली की दुसरी ० होते आणि दोघं एकमेकांना तिथेच धरून ठेवतात.

आता वीज आत्ताच आली आहे, कोणी काही लिहिलेलं नाही, अशा वेळी काय होईल? दोन्ही बाजू शून्य व्होल्टवरून एकदमच वर यायला लागतात. नकाशाप्रमाणे पाहिलं तर दोघी अगदी सारख्या, म्हणजे कोणीच जिंकायला नको. पण अणूंच्या त्या कमी-जास्त वाटणीमुळे एका बाजूचा ट्रान्झिस्टर केसभर आधी चालू होतो. त्याने दुसऱ्या बाजूला थोडं खाली ढकललं की पहिली आणखी वर जाते, आणि क्षणात निकाल लागतो. पेशी १ वर किंवा ० वर स्थिर होते. पुन्हा वीज घालवून आणली की तीच बाजू पुन्हा जिंकते. प्रत्येक पेशीची ही आवड जन्माची असते, आणि शेजारच्या पेशीच्या आवडीशी तिचा संबंध नसतो.

हे स्वतः पाहायला फार काही लागत नाही. शाळेतली मुलं वापरतात त्या आर्डुइनो उनो बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या चिपमध्ये, २ किलोबाइट एसरॅम आहे, म्हणजे १६,३८४ पेशी. प्रोग्रॅम सुरू होताना मेमरी पुसतो, ते काही जागेपुरतं थांबवायचं आणि वीज आल्या आल्या त्या जागेत काय आहे ते सीरियल पोर्टवर छापायचं. वायर काढायची, काही सेकंद थांबायचं, पुन्हा लावायची. दोन्ही वेळची छापील अक्षरं शेजारी ठेवली की बहुतेक जागा जशाच्या तशा जुळलेल्या दिसतात, मधूनच एखादा बिट बदललेला असतो. मग त्याच जातीच्या दुसऱ्या बोर्डावर हेच केलं की चित्र पूर्ण वेगळं निघतं. वायर लगेच लावली तर मात्र फसगत होते, कारण एसरॅममध्ये आधीच्या आकड्यांचे अवशेष थोडा वेळ रेंगाळतात. हा बारकावा पुढे सुरक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

मधूनच बदलणारे बिट

दोन वेगळ्या चिप्सची सुरुवातीची बिटं ताडून पाहिली तर आदर्श स्थितीत साधारण निम्मी वेगळी निघतात. नाणं उडवून जितका वेगळेपणा मिळावा तितका, म्हणजे ओळखीसाठी उत्तम. पण तीच चिप दोनदा वाचली तरी शंभरातली काही बिटं बदलतात. थंडीत, उन्हात तापलेल्या डब्यात, किंवा दहा वर्षांनी हे प्रमाण आणखी वाढतं. ज्या पेशीच्या दोन्ही बाजू जवळपास तुल्यबळ निघाल्या, तिचा निकाल दर वेळी हेलकावे खातो.

किल्लीला हे चालत नाही. कूटलेखनात २५६ पैकी एक बिट चुकला तरी उत्तर पूर्ण चुकतं, 'जवळपास बरोबर' असं काही नसतंच. मग बदलत्या बिटांतून दर वेळी तीच किल्ली कशी काढायची? याचं उत्तर मला या सगळ्या विषयातला सर्वात देखणा भाग वाटतो, म्हणून तो आकड्यांनिशी पाहू.

समजा, किल्लीतला एक बिट १ आहे. तो आपण पाच वेळा लिहू: १११११. कारखान्यात पहिल्यांदा वीज दिली तेव्हा चिपच्या पाच पेशींनी १०११० दिलं. आता दोन्ही ओळी जागोजागी ताडू. सारखे असतील तिथे ०, वेगळे असतील तिथे १ लिहू. उत्तर येतं ०१००१. हे उत्तर उपकरणाच्या साध्या, उघड्या मेमरीत ठेवून द्यायचं. याला हेल्पर डेटा म्हणतात. मूळ १ पुसून टाकायचा, पेशींचं वाचनही पुसायचं.

वर्षभराने उपकरण चालू झालं. उन्हामुळे तिसरी पेशी बदलली आणि वाचन आलं १००१०. साठवलेल्या ०१००१ बरोबर पुन्हा तसंच ताडलं की मिळतं ११०११. चार १ आणि एक ०. बहुमत १ चं, म्हणजे बिट १. चूक आपोआप दुरुस्त झाली.

आणि चोराने ती उघडी मेमरी वाचली तर? त्याला ०१००१ मिळेल. त्यावरून पेशींचं वाचन एकतर ०१००१ असेल, म्हणजे बिट ०, किंवा १०११० असेल, म्हणजे बिट १, एवढंच त्याला कळतं. नेमका कुठला, हे कळत नाही. मात्र यात एक अट लपलेली आहे. समजा, या जातीच्या चिप्समध्ये १ कडे झुकणाऱ्या पेशी जास्त आहेत. मग तीन १ असलेलं १०११० हे दोन १ असलेल्या ०१००१ पेक्षा जास्त शक्य ठरतं, आणि चोराचा अंदाज नाण्यापेक्षा बरा होतो. म्हणून चांगली उत्पादनं हा झुकाव आधी काढून टाकतात, पाचच्या पुनरावृत्तीऐवजी चुका दुरुस्त करणारे जास्त सक्षम कोड वापरतात, आणि शेवटी सगळं एका हॅशमधून, म्हणजे आकड्यांची उलट न फिरवता येणारी सरमिसळ करणाऱ्या गणितातून, गाळून घेतात. या पद्धतीचा भक्कम गणिती पाया येव्हगेनी डोडिस, लिओनिद रेझिन आणि अ‍ॅडम स्मिथ यांनी २००४ मध्ये घातला. एवढं सगळं करूनही २५६ बिटांच्या किल्लीला साधारण एक किलोबाइट एसरॅम पुरते, आणि तेवढी तर चिपमध्ये असतेच.

वीज बंद केली की थोड्या वेळात पेशी रिकाम्या होतात. मेमरीत उरतो तो फक्त निरुपयोगी हेल्पर डेटा. चिप उघडून मायक्रोस्कोपखाली ठेवली तरी जळालेला फ्यूज नाही, साठलेला विद्युतभार नाही. किल्ली लागते त्या क्षणी ती तयार होते, काम झालं की पुसली जाते. कारखान्यात कोणी किल्ली घालायला नको, त्यामुळे कोणाला कळायचा प्रश्नच येत नाही.

प्रत्यक्षात ही मूळ किल्ली थेट वापरतही नाहीत. तिच्या आधारे वाय-फायचे पासवर्ड, सर्व्हरच्या किल्ल्या वगैरे बाकीची गुपितं कुलूपबंद करून साध्या फ्लॅशमध्ये ठेवतात. किंवा तिच्यातून खासगी-सार्वजनिक किल्ल्यांची जोडी काढतात (सार्वजनिक किल्लीने बंद केलेलं फक्त खासगी किल्लीनेच उघडतं), त्यातली सार्वजनिक किल्ली बाहेर देऊन तिच्यावर उत्पादकाची सही घेतात, आणि ते उपकरणाचं प्रमाणपत्र होतं. वेगवेगळ्या कंपन्यांची घरगुती उपकरणं एकत्र नांदावीत म्हणून २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या मानकात प्रत्येक नगाला असं वेगळं प्रमाणपत्र लागतंच.

फिलिप्सच्या त्या संशोधनातून २००८ मध्ये इंट्रिन्सिक आयडी ही कंपनी निघाली आणि २०२४ मध्ये चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सिनॉप्सिसने ती विकत घेतली. एनएक्सपी, सिलिकॉन लॅब्स, झायलिंक्स (आता एएमडीचा भाग) यांच्या काही चिप्समध्ये पीयूएफ आज तयार मिळतं.

प्रश्न विचारून ओळखण्याचा मार्ग आणि त्याचं अपयश

पीयूएफची दुसरी एक शाखा आहे, आणि लोकांना सुरुवातीला तीच जास्त मोहक वाटली. एसरॅममधून एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी ज्याला अगणित प्रश्न विचारता येतील असं सर्किट केलं तर? एमआयटीतल्या आर्बिटर पीयूएफमध्ये एकच विद्युत-इशारा दोन वाटांनी एकदम सोडतात. दोन्ही वाटा लांबीला सारख्या, पण वाटेत ६४ टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर वाटा सरळ जाव्यात की अदलाबदल व्हावी, हे प्रश्नातला एकेक बिट ठरवतो. शेवटी कोण आधी पोचलं यावरून उत्तर ० किंवा १. ६४ टप्पे म्हणजे प्रश्नांची संख्या २ चा ६४ वा घात. सर्व्हरने काही हजार प्रश्नोत्तरं आधीच नोंदवून ठेवायची आणि ओळख पटवताना एक प्रश्न एकदाच वापरायचा. कूटलेखनाचं जड गणित नको, किल्लीही नको. वस्तूंवर लावायच्या स्वस्त टॅगसाठी याहून चांगलं काय!

२०१० मध्ये उलरिश र्‍यूरमेअर आणि सहकाऱ्यांनी ही आशा मोडून काढली. एकूण उशीर म्हणजे टप्प्याटप्प्याच्या उशिरांची बेरीजच असते. बेरजेचं गणित मशीन लर्निंगला फार पटकन जमतं. ६४ टप्प्यांच्या सर्किटची साधारण अडीच हजार प्रश्नोत्तरं मिळाली, तर न पाहिलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांचा प्रोग्रॅम ९९ टक्के बरोबर सांगत होता, आणि शिकायला त्याला एक सेकंदही लागत नव्हता. चिपची भौतिक नक्कल झाली नाही, पण वागणुकीची झाली, आणि चोराला तेवढी पुरते. त्यानंतर अनेक सर्किटं एकत्र गुंफून, उत्तरं मिसळून सुधारित रचना आल्या आणि त्यातल्या बऱ्याच पुढे फुटल्याही. ही स्पर्धा अजून चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे. जिथे उत्तर बाहेर, उघड्यावर जातं त्या रचनेवर आज उत्पादन उभारू नये. एसरॅमसारख्या पीयूएफमध्ये उत्तर चिपबाहेर येतच नाही, हीच त्याची खरी ताकद.

एसरॅम पीयूएफवरही डोळे झाकून विसंबू नये

'अनक्लोनेबल' हा शब्द कारखान्याला लागू आहे, म्हणजे बनवताना ठरवून दुसरी तशीच चिप बनवता येत नाही. प्रयोगशाळेचं तसं नाही. २०१३ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या क्लेमेन्स हेल्फमायर, ख्रिश्चन बॉइट, दिमित्री नेडोस्पासोव्ह आणि ज्याँ-पियर सायफर्ट यांनी एका चिपच्या एसरॅमची आवड वाचली आणि दुसऱ्या चिपच्या पेशी आयनांच्या झोताने बदलून तिच्याकडून तीच उत्तरं काढून दाखवली. साधनं महाग, काम किचकट, आणि दर चिपमागे तेवढीच मेहनत. एका कॅमेऱ्यासाठी कोणी एवढं करणार नाही. पण एकाची किल्ली काढून लाखो उपकरणं उघडणार असतील तर कोणीही करेल. म्हणून चिपगणिक वेगळी किल्ली हा मुद्दा पीयूएफच्या आतल्या चातुर्याइतकाच मोलाचा आहे.

वय हाही प्रश्न आहे. पेशी वर्षानुवर्षं आपल्या आवडीचाच आकडा धरून बसली, तर सतत चालू असलेल्या बाजूचा ट्रान्झिस्टर झिजतो आणि आवड हळूहळू उलटीकडे सरकते. यावरचा उपाय गमतीदार आहे. उपकरण चालू असताना त्या पेशींत मुद्दाम उलटा आकडा ठेवतात. मग झीज दुसऱ्या बाजूची होते आणि मूळ आवड आणखी पक्की होते. पेशींत आधीच्या आकड्यांचे अवशेष रेंगाळण्याचा जो बारकावा वर आला, त्यावर मात्र हे पुरत नाही, कारण उलट्या आकड्यावरूनही मूळ वाचन कळतं. म्हणून वाचून झाल्यावर ती जागा बाकी सॉफ्टवेअरला बंद करायची.

किल्ली तयार होत असताना, नेमक्या त्या क्षणी, विजेचे चढउतार मोजता येतात. ह्यू दिव्याचं जे झालं ते इथेही होऊ शकतं, म्हणून त्या गणितालाही तशी सुरक्षा लागते. आणि भोंगळ सॉफ्टवेअरपुढे तर कुठलीच चिप काही करू शकत नाही. २०१६ च्याच शरद ऋतूत मिराय या बॉटनेटने लाखो कॅमेरे आणि राउटर गुलाम केले आणि २१ ऑक्टोबरला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला करून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या. त्याच्याकडे होती काय, तर कंपन्यांनी घालून दिलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या. दार सताड उघडं असेल तर आत किती चांगलं कुलूप आहे, याला अर्थ राहत नाही.

आपल्याकडे

भारतात या विषयावर खरं काम होतं, हे आवर्जून सांगावंसं वाटतं. आयआयटी खरगपूरचे देबदीप मुखोपाध्याय आणि त्यांचे सहकारी पीयूएफ बांधतात आणि फोडूनही पाहतात. हार्डवेअर सुरक्षेतल्या कामगिरीसाठी त्यांना २०२१ चा शांती स्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पवईला आयआयटी मुंबईत उदयन गांगुली यांच्या गटाने २०१८ मध्ये एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीवर आधारलेलं पीयूएफ प्रसिद्ध केलं. त्यात वाचन दर वेळी तेच यावं आणि ० किंवा १ कडे झुकाव नसावा, या दोन्ही अडचणींवर काम केलं होतं. वर आपण ज्या दोन गोष्टींशी झगडलो, त्याच या.

गरजही दारात येऊन उभी आहे. वीज वितरण सुधारण्याच्या केंद्राच्या आरडीएसएस योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरचं लक्ष्य ठेवलं आहे, आणि महाराष्ट्रात महावितरण ते बसवत आहे. अशा मीटरमधून घराचा पुरवठा लांबून बंद-चालू करता येतो, आणि त्याचं बोलणं १२८ बिटांच्या किल्ल्यांनी सुरक्षित करतात. इतक्या मीटरमध्ये किल्ल्या कोणी घातल्या, कुठे घातल्या, आणि एका मीटरची किल्ली निघाली तर शेजारच्याचं काय होईल, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. सीसीटीव्हीच्या बाबतीत केंद्र सरकारने २०२४ मध्ये ज्या सुरक्षा अटी आणल्या, त्यात किल्ल्या आणि प्रमाणपत्रं प्रत्येक नगाला वेगळी हवीत, अशी अट आहे. सोसायटीसाठी कॅमेरे घेताना विक्रेत्याकडे याचं चाचणी प्रमाणपत्र मागायला काहीच हरकत नाही.

उपकरणं बनवणाऱ्या आपल्याकडच्या लहान कंपन्यांना, मग त्या भोसरीत असोत की नाशिकच्या अंबडमध्ये, मला एक गोष्ट सांगायची आहे. मायक्रोकंट्रोलर निवडताना डेटाशीटमध्ये पीयूएफ दिसलं की लगेच हुरळून जाऊ नका. तापमानाच्या कुठल्या टप्प्यात आणि किती वर्षांसाठी बिट बदलण्याचं प्रमाण मोजलं आहे ते पाहा. पहिली नोंदणी, म्हणजे हेल्पर डेटा तयार करण्याची पायरी, कोण आणि किती वेळा करू शकतं हेही पाहा. ती पायरी कायमची बंद करण्याची सोय नसेल, तर चोर आपल्या सोयीने नवी नोंदणी करून जुनी ओळख पुसू शकतो.

आणि दुरुस्तीचा विचार आधी करा. किल्ली त्या चिपच्या अंगातच असते, त्यामुळे चिप जळाली की ती गेली. मीटरच्या बाबतीत हे सोपं आहे. सर्व्हरवर जुन्या मीटरचं प्रमाणपत्र रद्द करायचं आणि नव्याचं नोंदवायचं. पण कॅमेऱ्याच्या कार्डावरचं चित्रण त्याच किल्लीने बंद केलेलं असेल, आणि चोरीच्या रात्री बोर्डच जळाला, तर ते चित्रण पोलिसांना, कंपनीला, कोणालाच उघडता येणार नाही. अशा ठिकाणी चित्रणाची किल्ली वेगळी ठेवावी लागते, तिची एक प्रत मालकाच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून कार्डावरच लिहावी लागते, आणि हे डिझाइनच्या पहिल्या बैठकीतच ठरवावं लागतं.